भोंगा वाजतो तेव्हा : चौकातील वाहनचालकाचे कर्तव्य



पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत एक दृश्य अनेकदा पाहावयास मिळाले आहे. रस्त्यावर पाय ठेवावयास जागा नसते. ढोल-ताशांचा गजर टिपेला पोहोचलेला असतो. तेवढ्यात मागून रुग्णवाहिका येत असल्याचे कोणाच्या तरी ध्यानात येते. हात उंचावतात, ताशा थांबतो, माणसे दोन्ही अंगांना सरकतात आणि जेथे मुंगीलाही वाट नव्हती तेथे गाडीपुरती वाट तयार होते. गाडी निघून जाते, मागे गर्दी पुन्हा एकरूप होते आणि ढोलावर टिपरू पडते. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांच्या दिंड्याही अशीच वाट करून देतात. तेथे कोणी दंडाची भीती घातलेली नसते की कोणी नियमाचे पुस्तक वाचलेले नसते.

हजारो माणसांना जे क्षणार्धात साधते ते दुसऱ्या दिवशी त्याच शहराच्या एखाद्या चौकात चाळीस-पन्नास वाहनांना साधत नाही. रुग्णवाहिका मागे आक्रोश करीत उभी असते. पुढील वाहने कर्णे वाजवितात, थोडी पुढे सरतात, पुन्हा अडतात. आणि सिग्नलचा दिवा बदलेपर्यंत कोणालाच काही सुचत नाही. माणसे तीच, त्यांची सहानुभूतीही तीच. मग फरक कशाचा?

फरक इतकाच की, गर्दीतील माणसाला बाजूला होण्यास अर्धे पाऊल पुरते आणि शेजारच्याशी त्याला दोन शब्द बोलता येतात. वाहनात बसलेला माणूस काचेआड एकटा असतो. त्याच्या पुढे वाहन, मागे वाहन, समोर लाल दिवा आणि खांबावर कॅमेरा. त्याला वाट द्यावयाची असते. पण ती कोणीकडे, केव्हा आणि कशी द्यावी हे त्याला माहीत नसते. म्हणजे उणीव इच्छेची नाही, शिक्षणाची आहे. आणि जी उणीव शिक्षणाची आहे ती शिक्षक, अधिकारी आणि पंचायतीचे सदस्य यांना दूर करता येण्यासारखी आहे. म्हणूनच या साध्या वाटणाऱ्या विषयाचा सविस्तर विचार येथे करावयाचा आहे.

मिनिटांचा हिशोब

हृदयक्रिया बंद पडलेल्या माणसाच्या मेंदूला प्राणवायू मिळेनासा झाला, की चार ते सहा मिनिटांत मेंदूची कायमची हानी होऊ लागते. छातीवर दाब देण्याचे व विजेच्या झटक्याचे उपचार न मिळाल्यास त्याच्या जगण्याची शक्यता दर मिनिटाला सुमारे सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाला असेल, तर ती विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. बाळंतपणानंतर अतिरक्तस्राव सुरू झालेल्या मातेचे प्राण दोन तासांच्या आतही जाऊ शकतात. अपघातातील जखमींच्या बाबतीत पहिला तास निर्णायक मानला जातो आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच ‘सुवर्ण तास’ या संज्ञेची व्याख्या घालण्यात आली आहे. २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवरील अपघातांत १ लक्ष ६८ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. या तासाचे मोल त्यावरून ध्यानात यावे.

आगीचे गणितही असेच आहे. बंद खोलीत लागलेली ठिणगी काही मिनिटांतच संपूर्ण खोली पेटवू शकते. पहिल्या काही मिनिटांत जी आग एका नळीच्या पाण्याने विझली असती, तिला थोड्या वेळाने अनेक बंबही अपुरे पडतात.

आता एक काल्पनिक, परंतु नित्याचे उदाहरण घेऊ. तालुक्याच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तस्राव होत असलेल्या एका मातेला तीस किलोमीटरवरील जिल्हा रुग्णालयात न्यावयाचे आहे. ताशी ४५ किलोमीटरच्या सरासरी वेगाने हे अंतर ४० मिनिटांचे आहे. वाटेत बाजाराचे गाव, साखर कारखान्याचा फाटा, एस. टी. स्थानकाचा चौक आणि शहरातील तीन सिग्नल असे सहा अडथळे येतात. प्रत्येक ठिकाणी केवळ दोन मिनिटे गेली, तरी बारा मिनिटे वाढली. रस्ता तोच, गाडी तीच, चालक तितकाच कुशल. पण ४० मिनिटांचा प्रवास ५२ मिनिटांचा झाला. ही बारा मिनिटे कोणा एका माणसाने घेतली नाहीत. ती शंभर-दोनशे वाहनचालकांनी थोडी थोडी करून घेतली आणि प्रत्येकाला वाटले, की आपल्यामुळे असा काय उशीर झाला?

शासनाने रुग्णवाहिकांची संख्या वाढविली, तरी हा उशीर आपोआप कमी होत नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी ९३७ रुग्णवाहिकांची योजना करण्यात आली. त्यांपैकी २३३ गाड्या अत्याधुनिक जीवरक्षक साधनांनी सुसज्ज, तर ७०४ गाड्या प्राथमिक जीवरक्षक साधनांच्या होत्या आणि गाडीत डॉक्टर असावा अशी व्यवस्था ठरविण्यात आली. दूरध्वनी, गाडी, औषध, डॉक्टर या सर्वांची तरतूद शासन करू शकते. चौकातील दहा फूट मोकळी वाट मात्र नागरिकच देऊ शकतो.

कायदा काय सांगतो

वाट देणे हे केवळ सौजन्य आहे असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. १९८९ च्या रस्ता नियमांतच अग्निशमन गाडी अथवा रुग्णवाहिका जवळ येताच प्रत्येक चालकाने रस्त्याच्या कडेला होऊन तिला मोकळी वाट द्यावी असे बंधन घातलेले होते. पुढे २०१७ मध्ये त्या नियमांची जागा मोटार वाहने चालविण्याबाबतच्या नव्या विनियमांनी घेतली व हे कर्तव्य अधिक तपशिलाने सांगण्यात आले. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १९४-ई हे कलम घालण्यात आले. अग्निशमन गाडी, रुग्णवाहिका किंवा राज्य शासनाने निर्दिष्ट केलेले अन्य आपत्कालीन वाहन येत असता जो चालक रस्त्याच्या कडेला होणार नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपये दंड किंवा या दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आपत्कालीन वाहनालाही कायद्याने काही मुभा दिलेली आहे. प्रत्यक्ष कामगिरीवर असताना, दिवे लुकलुकत आणि भोंगा वाजत असताना त्याला योग्य ती काळजी घेऊन लाल दिवा ओलांडता येतो आणि वेगमर्यादेबाहेर जाता येते. ही सवलत त्या वाहनापुरती आहे. त्याच्या पुढच्या वाहनाला ती मिळत नाही आणि त्याच्या मागोमाग धावणाऱ्याला तर मुळीच मिळत नाही. चौकातील सारा गोंधळ पुष्कळदा या एका गोष्टीच्या अज्ञानातून निर्माण होतो.

चौकात नेमके काय करावे

पहिली गोष्ट सावधपणाची. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. काचा बंद, वातानुकूलन यंत्र चालू आणि गाणी लावलेली असतील, तर भोंगा अगदी जवळ आल्यावरच कानी पडतो. शंभर मीटरवर तो ऐकू आला, तर चालकाच्या हाती केवळ सहा सेकंद उरतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या उंच इमारतींवर आपटून आवाज परत येतो आणि तो कोणत्या दिशेने आला हे चौकात चटकन उमगत नाही. म्हणून कानावर भिस्त न ठेवता आरशात वारंवार नजर टाकण्याची सवय हवी. रुग्णवाहिकेच्या पुढील भागावरील अक्षरे उलटी लिहिलेली असतात ती याचसाठी. पुढच्या चालकाला ती आरशात सुलटी दिसावीत ही त्यामागील योजना. पण आरशाकडे कोणी पाहीलच नाही, तर त्या योजनेचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट दिशेची. भारतात वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून वाट देताना डावीकडे व्हावयाचे, हा सर्वसाधारण नियम. चालकाने प्रथम आरसा पाहावा, डावीकडील निदर्शक दिवा लावावा, वेग क्रमाने कमी करावा आणि कडेला जाऊन थांबावे. एकाएकी ब्रेक दाबू नये, कारण मागील वाहन आदळण्याचा धोका असतो. उजव्या बाजूला होऊन वाट देण्याचा मोह टाळावा. पुढील प्रत्येक वाहन डावीकडेच होईल या अपेक्षेने रुग्णवाहिकेचा चालक उजवी बाजू धरून येत असतो. एकाने डावी आणि दुसऱ्याने उजवी बाजू धरली, की वाट नागमोडी होते आणि वेग मारला जातो. रस्त्यास दुभाजक आहे, डावीकडील रांग गच्च भरलेली आहे आणि वाहन दुभाजकाशेजारी अडकले आहे, अशा वेळी मात्र दुभाजकाला खेटून उभे राहावे, म्हणजे दोन रांगांच्या मधून वाट उघडते. यात महत्त्वाचे ते एवढेच की, जे करावयाचे ते स्पष्टपणे करावे आणि मध्येच विचार बदलू नये.

तिसरी गोष्ट स्थानाची. चौकाचा मध्यभाग ही थांबण्याची जागा नव्हे. हिरव्या दिव्यावर चौकात शिरल्यानंतर भोंगा ऐकू आला, तर चौक ओलांडून पलीकडे जावे आणि तेथे डाव्या कडेला थांबावे. वाहतूक बेटाभोवती फिरत असताना भोंगा कानी आला, तर बेटाशी थांबू नये. आपल्या रस्त्याने बाहेर पडून मग कडेला व्हावे. आडव्या रस्त्यावरील चालकाला हिरवा दिवा असला आणि दुसऱ्या रस्त्याने बंब येत असला, तर त्याने हिरव्या दिव्याचा हक्क बजावण्याचा आग्रह धरू नये. थांबरेषेच्या अलीकडेच उभे राहावे. बंबाच्या टाकीत साडेचार हजार लिटर पाणी असले, तर केवळ त्या पाण्याचेच वजन साडेचार टन होते. असे वाहन क्षणात थांबत नाही आणि त्याच्यासमोरून निसटण्याचा प्रयत्न जिवावर बेतू शकतो.

चौथी गोष्ट संयमाची. एक गाडी गेली म्हणून लगेच निघू नये. आगीच्या ठिकाणी बंबामागून पाण्याचा टँकर आणि त्यामागून रुग्णवाहिका येण्याचा संभव असतो. आरसा पाहून, दुसरा भोंगा नाही याची खात्री करूनच पुन्हा मार्गाला लागावे. रुग्णवाहिकेने उघडलेल्या वाटेतून तिच्या पाठोपाठ सुसाट जाणारे दुचाकीस्वार आणि रिक्षा हे दृश्य नेहमीचे आहे. त्यात चतुराई नाही, धोका आहे. पुढील गाडीला एकाएकी थांबावे लागले तर मागचा तिच्यावर आदळतो. आणि वाट देऊन पुन्हा रांगेत येऊ पाहणाऱ्या वाहनांशीही त्याची धडक होते.

पादचाऱ्यांनाही हे कर्तव्य चुकलेले नाही. भोंगा ऐकू येताच पदपथावरच थांबावे. झेब्रा पट्ट्यांवर असताना मागे-पुढे न घोटाळता जवळची कड गाठावी. मुलांचा व वृद्धांचा हात धरावा.

लाल दिव्याचा पेच

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे वळले पाहिजे. समोर लाल दिवा आहे. चालक थांबरेषेपाशी सर्वांत पुढे उभा आहे. बरोबर मागे रुग्णवाहिका भोंगा वाजवीत आहे. डावीकडे दुसरे वाहन, उजवीकडे दुभाजक. त्याने काय करावे? लाल दिवा ओलांडावा, तर कॅमेरा छायाचित्र घेणार. न ओलांडावा, तर मागे कोणाचा तरी जीव खोळंबलेला.

या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देणे योग्य नाही. लाल दिवा ओलांडण्याची मुभा कायद्याने रुग्णवाहिकेला दिली आहे, पुढील मोटारीला नाही; आणि यामागे कारण आहे. आडव्या रस्त्यावरील चालकाला रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येतो, दिवे दिसतात. एकाएकी पुढे आलेल्या साध्या मोटारीची त्याला मुळीच कल्पना नसते. वाट करून देण्याच्या घाईत चौकात शिरलेले वाहन आडव्या वाहनावर आदळले, तर चौकच बंद होतो आणि ज्या रुग्णासाठी हे केले त्याचीच वाट कायमची अडते. शिवाय एका रुग्णवाहिकेऐवजी दोन लागतात.

म्हणून पहिला प्रयत्न पुढे जाण्याचा नव्हे, आडवे सरकण्याचा असावा. रांगेतील प्रत्येक वाहनाने पुढील वाहनापासून थोडे अंतर राखून उभे राहावे. पुढच्या वाहनाची मागील चाके रस्त्याला टेकलेली दिसतील इतके अंतर सोडण्याची सवय असली, तर चाक वळवून डावीकडे होता येते. बंपरला बंपर लावून उभे राहणाऱ्याला वाट देण्याची इच्छा असूनही हलता येत नाही. म्हणजे वाट देण्याची तयारी भोंगा वाजल्यावर नव्हे, सिग्नलला उभे राहतानाच झालेली असली पाहिजे. डावीकडे विनाअडथळा वळण्याची सोय असलेल्या चौकात ती बाजू सरळ जाणाऱ्यांनी अडवू नये. ती मोकळी असेल, तर निकडीच्या वेळी पुष्कळ वाहने तिकडे सरकू शकतात.

चौकात वाहतूक पोलीस उपस्थित असेल, तर त्याचा इशारा दिव्याहून श्रेष्ठ मानावा, हेही नियमांतच सांगितलेले आहे. त्याने हाताने पुढे येण्यास सांगितले, तर लाल दिवा असतानाही निःशंकपणे पुढे जावे. त्याने थांबविले, तर हिरवा दिवा असूनही थांबावे. पोलीस नसेल आणि बाजूला होण्यास खरोखरच तसूभर जागा नसेल, तर शांतपणे उभे राहून रुग्णवाहिकेला दुसरी बाजू शोधू द्यावी. वाट देण्याच्या प्रयत्नात चाक थांबरेषेपुढे गेले आणि दंडाची सूचना आली, तर त्या सूचनेवर आक्षेप नोंदविण्याची सोय आहे आणि छायाचित्रात मागची रुग्णवाहिका दिसत असेल, तर तोच पुरावा ठरू शकतो. दंडाच्या भीतीने जागचे न हलणे आणि घाईने चौकात घुसणे या दोन टोकांच्या मधला हा मार्ग आहे.

रिकामी रुग्णवाहिका

‘आत तर कोणीच नाही, मग हा भोंगा कशाला?’ असा संशय अनेकांच्या मनात येतो. काही ठिकाणी भोंग्याचा दुरुपयोग झालाही असेल आणि त्यामुळे लोकांचा विश्वास डळमळला असेल. परंतु थोडा विचार केला, तर हा संशय किती घातक आहे हे ध्यानात येईल. रुग्णाला आणण्यासाठी निघालेली रुग्णवाहिका रिकामीच असते. त्या क्षणी रुग्ण घरी, शेतात किंवा रस्त्याच्या कडेला पडलेला असतो. त्याच्याजवळ डॉक्टर नसतो, प्राणवायू नसतो, औषध नसते. रुग्णालयाकडे परतणाऱ्या गाडीतील रुग्णावर निदान उपचार सुरू झालेले असतात. म्हणजे रिकामी दिसणारी गाडी पुष्कळदा भरलेल्या गाडीहूनही अधिक निकडीची असते. काचेतून डोकावून न्याय करण्याचे काम चालकाचे नव्हे. भोंगा वाजला, की वाट द्यावी. दुरुपयोगाचा शोध घेणारी यंत्रणा वेगळी आहे.

अवयव प्रत्यारोपणाच्या वेळी वाहतूक पोलीस संपूर्ण मार्ग मोकळा ठेवतात. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्याहून आणलेल्या हृदयाचे मुंबईत प्रत्यारोपण झाले, तेव्हा असाच मार्ग राखण्यात आला होता. काढलेले हृदय सुमारे चार तासांच्या आत दुसऱ्या देहात बसवावे लागते. तेवढा बंदोबस्त दररोज धावणाऱ्या प्रत्येक रुग्णवाहिकेसाठी करणे कोणत्याही पोलीस दलाला शक्य नाही. सामान्य रुग्णाचा मोकळा मार्ग रस्त्यावरील अनोळखी माणसांनीच तयार करावयाचा असतो.

भोंगा वाजविणाऱ्याची जबाबदारी

हक्कासोबत जबाबदारी येतेच. भोंगा हा तातडीचा शब्द आहे. तो वाटेल तेव्हा उच्चारला, तर त्याचे मोल उरत नाही. निकड नसताना, जेवणास जाताना किंवा गाडी दुरुस्तीस नेताना भोंगा वाजविणाऱ्या चालकाने आपल्याच पेशाचे नुकसान केलेले असते. लाल दिव्यापाशी आल्यावर वेग कमी करून आडवी वाहतूक थांबली आहे याची खात्री करून घेणे, हे त्याच्यावरही बंधनकारक आहे. ‘योग्य ती काळजी घेऊन’ हे कायद्यातील शब्द शोभेचे नाहीत.

खाजगी मोटारींवर रुग्णवाहिकेसारखे भोंगे बसविणे हा तर उघड गुन्हा आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस आणि नियमांत नमूद केलेली मोजकी वाहने यांखेरीज इतरांना असा आवाज वापरता येत नाही. १ मे २०१७ पासून मान्यवरांच्या मोटारींवरील लाल दिवेही काढून टाकण्यात आले. दिव्याचा मान पदाला नसून निकडीला आहे, हे त्या निर्णयाने स्पष्ट झाले. भोंग्याच्या बाबतीतही हेच तत्त्व कसोशीने पाळले गेले पाहिजे.

गावातील चौक

हा प्रश्न मुंबई, पुणे, नागपूर यांपुरताच आहे असे मानणे चुकीचे ठरेल. ग्रामीण भागात बंब वीस-पंचवीस किलोमीटरवरील नगरपरिषदेकडून किंवा औद्योगिक वसाहतीतून यावयाचा असतो. मोकळ्या रस्त्यावर त्याने वाचविलेली मिनिटे गावाच्या तोंडाशी असलेल्या चौकात वाया जातात. आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्यावर मांडलेली दुकाने, वळणावरच उभे केलेले टेंपो, गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर जोडून जाणारे उसाचे ट्रॅक्टर आणि त्यांवर मोठ्याने लावलेली गाणी ही चित्रे सर्वपरिचित आहेत. ट्रॅक्टरचालकाला भोंगा ऐकू येत नाही, आणि ऐकू आला तरी भरलेला ट्रेलर झटकन कडेला घेता येत नाही.

येथे पंचायतीला करता येण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यासाठी मोठा निधी लागत नाही. बाजाराच्या दिवशी मुख्य रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिका जाईल इतकी मोकळी राहील अशा रीतीने दुकानांच्या जागा आखून द्याव्यात. चौकाच्या तोंडाशी वाहने उभी करण्यास मज्जाव करावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी कारखाना, वाहतूकदार आणि पोलीस ठाणे यांची एकत्र बैठक घेऊन ट्रॅक्टरवरील ध्वनिवर्धक बंद ठेवणे, ट्रेलरच्या मागे परावर्तक पट्ट्या लावणे आणि थांबण्याच्या जागा निश्चित करणे या गोष्टी ठरवाव्यात. विवाहाची वरात किंवा मिरवणूक रस्त्यावरून जाणार असेल, तर मागे लक्ष ठेवण्यासाठी दोन स्वयंसेवक नेमावेत; त्यांच्या खुणेसरशी वाद्ये थांबावीत. दाट वस्तीतील अरुंद गल्लीत बंब कोठवर जाऊ शकतो, पाण्याची टाकी व विहीर कोठे आहे, याची पाहणी आग लागण्यापूर्वीच करून ठेवावी. गावात १०८ आणि १०१ हे क्रमांक फलकांवर लिहिलेले असावेत आणि गाडी बोलाविल्यावर एखाद्या जाणत्या माणसाने फाट्यावर उभे राहून तिला वाट दाखवावी.

शाळा आणि कार्यालये

महाराष्ट्रातील अनेक शाळांतून रस्ता सुरक्षा दलाचे विद्यार्थी गणवेशात वाहतुकीचे धडे घेतात. त्यांच्या कवायतीत ‘रुग्णवाहिका आली’ हा एक प्रसंग सहज घालता येईल. शाळेच्या पटांगणावर चुन्याने चौक आखावा, विद्यार्थ्यांना वाहनांच्या रांगांत उभे करावे आणि शिट्टी वाजताच कोणी कोणीकडे व्हावयाचे याचा सराव घ्यावा. जे मूल पटांगणावर डावीकडे सरकावयास शिकले, ते सायंकाळी वडिलांच्या दुचाकीवर मागे बसून ‘बाबा, डावीकडे घ्या’ असे म्हणेल. मोठ्यांच्या सवयी बदलण्याचा याहून सोपा उपाय नाही.

त्यासाठी योग्य मुहूर्तही आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा भीषण स्फोट झाला. आग विझविण्यासाठी धावून गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी त्या दिवशी प्राणार्पण केले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढे सप्ताह साजरा होतो. संकटाकडे पाठ न फिरविता धावत जाणाऱ्या या माणसांना चौकातून वाट देणे, ही त्यांना वाहिलेली साधी आणि खरी आदरांजली होय.

शासकीय कार्यालये, परिवहन महामंडळाची आगारे, दूध संघ, सहकारी कारखाने यांच्याकडे चालकांचा मोठा वर्ग आहे. वाहनाचा वार्षिक आढावा घेताना चालकांना हे नियम तासाभरात समजावून सांगता येतील. मोठ्या एस. टी. गाडीचा किंवा मालमोटारीचा चालक कडेला झाला, की त्याच्या आडोशाने येणारी लहान वाहने आपोआप कडेला होतात. मोठ्या वाहनाने धडा घालून दिला तर लहानांना तो चटकन उमगतो. शिकाऊ अनुज्ञप्तीच्या वेळी या विषयावर प्रश्न विचारले जातात. पण उत्तर पाठ असणे आणि अंगवळणी पडलेले असणे यांत फार अंतर आहे.

शेवटचा विचार

मिरवणुकीतील माणसे वाट देतात, कारण त्यांना रुग्णवाहिका दिसते आणि तिच्यातील माणूस आपल्यातलाच आहे असे वाटते. चौकातील चालकालाही तसेच वाटावे, एवढेच अपेक्षित आहे. त्यासाठी आरशाकडे एक नजर, पुढील वाहनापासून थोडे अंतर, डावीकडे वळविलेले चाक आणि काही सेकंदांचा धीर इतकेच पुरेसे आहे. यांतील कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही.

आज वाट देणारा चालक उद्या कदाचित त्याच गाडीत आपल्या आईच्या उशाशी बसलेला असेल. तेव्हा पुढील वाहने एकामागून एक डावीकडे सरकत आहेत आणि गाडी कोठेही न थांबता चालली आहे, असे त्याला दिसावे. ती वाट आजच, याच चौकात, प्रत्येकाने घालावयाची आहे.